घरटी एक फॉर्म

विशाखा गायसमुद्रे हिच्या पदाचं सरकारी नाव 'समूह संघटक' असं होतं आणि तिचं खरं काम शिव्या खाणं हे होतं. सकाळी वस्तीच्या, दुपारी साहेबांच्या. सावरपूर महानगरपालिकेच्या सामाजिक समता कक्षात तिची सतरा वर्षं गेली. कक्ष म्हणजे दोन टेबलं, एक न उघडणारं कपाट आणि निवृत्तीकडे डोळे लावून बसलेले एक लिपिक. वस्तीला वाटायचं ही पालिकेची हेर आहे, पालिकेला वाटायचं ही वस्तीची पुढारी आहे. तिला विचारलं तर ती म्हणायची, "मी ढोलकी. दोन्हीकडून थाप खायची आणि वर सुरातही वाजायचं."

तिचा जीव मात्र कॅम्पात होता. सफाई कामगार वसाहत असं पाटीवर लिहिलेलं, पण सगळं शहर तिला कॅम्पच म्हणे. विशाखा तिथेच वाढली. लग्न राहून गेलं, नोकरी लागल्यावर ती स्टेशनजवळ भाड्याच्या खोलीत राहायला गेली, पण तिचा थोरला भाऊ सुगत अजून कॅम्पातल्या बापाच्या खोलीतच होता. सुगत ठेकेदाराकडे गटारात उतरायचा.

तसा कायद्याने गटारात माणूस उतरवायला बंदी होऊन जमाना झाला होता. कागदोपत्री सावरपुरातली सगळी गटारं यंत्रंच साफ करत. ती यंत्रं पालिकेच्या आवारात उभी असत, त्यांच्यावर कावळे बसत, आणि पहाटे ठेकेदाराची माणसं कमरेला दोर बांधून चेंबरमध्ये उतरत. कुणी आत गुदमरून गेलं की पंचनाम्यात 'पाय घसरून पडला' असं लिहिलं जाई. असे चार पंचनामे विशाखाने स्वतःच्या डोळ्यांनी वाचले होते. माणूस उतरलाच नव्हता म्हटल्यावर भरपाई कसली आणि नोकरी कसली? आंघोळ केली की पुरावा संपला.

पुरावा आंघोळीने संपत नाही, हे डॉ. मृणाल टिपणीस यांनी दाखवून दिलं. विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या या बाईंचं म्हणणं सरळ होतं. घामाला स्वतःचा वास नसतो. कातडीवर राहणारे जिवाणू घाम खातात आणि वायू सोडतात, तो वास. माणूस जिथे वावरतो तिथले जिवाणू त्याच्या कातडीवर बिऱ्हाड करतात. गटाराच्या गाळात वाढणारे काही जिवाणू केसांच्या मुळाशी जाऊन बसतात. साबणाने वरचे जातात, मुळाशी बसलेले महिनोन्‌महिने राहतात. त्यांच्यामुळे कुणाला रोग होत नाही, माणसाच्या नाकाला त्यांचा पत्ताही लागत नाही. पण टिपणीसबाईंनी बनवलेल्या डबीतल्या चौसष्ट संवेदकांना तो लागतो. तळहात सात सेकंद डबीवर धरायचा, की शून्य ते शंभरमधला एक आकडा येतो. आकडा चाळीसच्या वर गेला म्हणजे हा माणूस गेल्या काही महिन्यांत गटारात उतरला आहे. मग ठेकेदाराने कितीही कानांवर हात ठेवले तरी उपयोग नाही.

मात्र यंत्राला आपलं आपण काही कळत नाही, त्याला शिकवावं लागतं. हे हात उतरणाऱ्यांचे, हे न उतरणाऱ्यांचे, असे शेकडो नमुने द्यायचे, मग फरक ते शोधून काढतं. नमुने हवे होते कॅम्पातले, आणि कॅम्पात टिपणीसबाईंना कुणी उभं करेना. तिथे घोडं अडलं आणि विशाखाला बोलावणं गेलं.

"म्हणजे आता आमचा वास मोजणार?" समाजमंदिरातल्या बैठकीत सोजरबाईने विचारलं. सोजरबाई कॅम्पातली सगळ्यांत वयस्क बाई. तिचा नवरा त्या चार पंचनाम्यांपैकी एकात होता. "आजवर लोक फुकटात हुंगत होते. आता मशीन आणून हुंगणार व्हय?"

"हो मावशी. पण या खेपेला त्याचा कागद होणार," विशाखा म्हणाली. "काकांच्या कागदावर काय लिहिलं होतं ते आठवतंय ना?"

सोजरबाईने हात पुढे केला. डबी गुणगुणली, दिवा लागला, आणि म्हातारी म्हणाली, "कुत्र्यागत हुंगतोय की गं हा हुंग्या!" सगळं समाजमंदिर हसलं. त्या दिवसापासून यंत्राचं नाव हुंग्या पडलं.

तीन आठवड्यांत विशाखाने तीनशे बारा हात गोळा केले. सर्वेक्षण हे तिच्या अंगवळणी पडलेलं काम. रेशन असो, लसीकरण असो की शौचालयाचं अनुदान, पद्धत एकच: घरटी एक फॉर्म. वर कुटुंबप्रमुखाचं नाव आणि व्यवसाय, खाली घरातल्या बाकी माणसांची नावं. पुरुषांमागोमाग बायाही हौसेने आल्या, मुलंही आली, आणि विशाखाने कुणाला नको म्हटलं नाही. आपल्या कामाला अख्खी वस्ती उभी राहिली याचा तिला अभिमान वाटला. फॉर्मच्या गठ्ठ्यावर सही करून तिने तो विद्यापीठात पोचवला.

वर्षभरात हुंग्याने चमत्कार केला. कामगार न्यायाधिकरणाने त्याचा आकडा पुरावा म्हणून मानला. तेवीस माणसं पालिकेत कायम झाली, यंत्रचालक म्हणून. आवारातल्या यंत्रांवरचे कावळे उडाले. सुगतचा आकडा एकाहत्तर आला होता. तो खाकी गणवेश घालून गाडीच्या केबिनमध्ये बसला आणि विशाखाला म्हणाला, "विशू, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा गटाराकडं वरून बघतोय." विशाखा त्या दिवशी पेढे वाटून थकली. तिच्या आयुष्यातला तो सगळ्यांत सुखाचा दिवस होता.

पुढे यंत्राला पाय फुटले.

एका कंपनीने विद्यापीठाकडून हक्क घेतले आणि डबी स्वस्तात बाजारात आणली. आधी हॉटेलांच्या भटारखान्यात, मग दवाखान्यांत, मग सोसायट्यांच्या फाटकांवर. आकडा पंधराच्या आत असेल तर हिरवा दिवा, वर असेल तर लाल. कॅम्पातल्या धुणीभांडी करणाऱ्या बाया एकेका फाटकावरून परत येऊ लागल्या. त्या कधी गटाराच्या वाटेलाही गेल्या नव्हत्या.

विशाखा एका सोसायटीच्या सचिवांना भेटायला गेली. सचिव भला माणूस होता. त्याने तिला खुर्ची दिली, चहा दिला.

"मॅडम, गैरसमज करून घेऊ नका. आम्ही जातपात मानणारे लोक नाही. आमच्याकडे कुणी कुणाला आडनावसुद्धा विचारत नाही. आम्ही फक्त आकडा बघतो."

"आणि लाल दिवा फक्त कॅम्पातल्या बायांनाच कसा लागतो?"

"ते मशीनला विचारा," तो म्हणाला, आणि तो अगदी मनापासून बोलत होता. विशाखाला त्याचा राग आला. आडनाव विचारणाऱ्याशीच भांडायची तिला सवय होती.

मे महिन्यात उत्पलाचा फोन आला. उत्पला ही सुगतची एकुलती एक मुलगी, एकोणीस वर्षांची. आई लहानपणीच गेली, सुगतनेच तिला वाढवलं. दर रविवारी तो तिच्या डोक्याला तेल लावून द्यायचा, ती एवढी मोठी झाली तरी. तिला एका खाजगी रुग्णालयाच्या नर्सिंग कॉलेजात गुणवत्तेवर जागा मिळाली होती. कॅम्पातली ती पहिलीच.

"आत्या, फाटकावर माझा आकडा सत्तावीस आला," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "एक ऑगस्टपर्यंत पंधराच्या आत आणा म्हणाले. नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला देणार. नंतरही दर सोमवारी हात दाखवायचाय. आत्या, मी रोज दोनदा आंघोळ करते गं."

विशाखा तडक टिपणीसबाईंकडे गेली. बाईंचा चेहरा आधीच उतरलेला होता. त्यांनी कपाटातून गठ्ठा काढला आणि टेबलावर ठेवला. विशाखाने आपलीच सही ओळखली.

"विशाखाताई, आम्हाला दोन याद्या हव्या होत्या. उतरणाऱ्यांची आणि न उतरणाऱ्यांची. एका घरात राहणारी माणसं टॉवेल, अंथरूण, स्पर्श यांतून एकमेकांचे जिवाणू घेतात. म्हणून घरातल्या बायका-मुलांची नावं दुसऱ्या यादीत असणं फार गरजेचं होतं. मग यंत्राने त्या पसरणाऱ्या खुणा सोडून दिल्या असत्या, फक्त मुळाशी बसलेली खूण धरली असती. पण तुमच्या फॉर्मवर वर एकच व्यवसाय होता. माझ्या विद्यार्थ्यांनी तोच घरातल्या सगळ्यांना लावला. मी तपासायला हवं होतं. मी तपासलं नाही."

विशाखाने विचारलं, "म्हणजे मशीन काय ओळखतं?"

"घर," टिपणीसबाई म्हणाल्या. "गटारात उतरलेल्या माणसाला कोण कोण शिवतं, ते ओळखतं."

मग बाईंनी हलक्या आवाजात सांगितलं की उत्पलाचा आकडा उतरेल. सुगतच्या मुळाशी बसलेलं जायला अजून वर्ष लागेल, पण मुलीने त्याचा स्पर्श टाळला, भांडी-अंथरूण वेगळं केलं, तर नऊ-दहा आठवड्यांत तिचं उतरेल. हे सांगताना त्या विशाखाकडे बघत नव्हत्या.

विशाखाने भावाला ते सांगितलं. दुसरं काय करणार होती?

जूनच्या शेवटी ती कॅम्पात गेली तेव्हा सुगतची सतरंजी बाहेर सज्जात पसरलेली होती. कोनाड्यात त्याचं ताट आणि पेला वेगळे ठेवले होते, पेल्याला ओळखू यावी म्हणून तांबडी दोरी बांधलेली. उत्पला अभ्यासाला बसली होती. तिने पाणी मागितलं. माठ सज्जात, सुगतच्या बाजूला. सुगत उठला, त्याने ओगराळं भरलं आणि हात उंच करून वरून धार सोडली. उत्पलाने ओंजळ पुढे केली आणि वाकून प्यायली. दोघांनाही त्याची सवय झाली होती.

विशाखाच्या आज्याने सांगितलेलं सगळं तिला आठवलं: गावच्या पाणवठ्यावरच्या ओंजळी, वरून पडणारी धार. त्या धारेपासून पळून आजा शहरात आला होता. आणि आता तीच धार त्याच्या नातवाच्या हातून पणतीच्या ओंजळीत पडत होती. विशाखा रडू लागली.

"रडतीस काय," सुगत म्हणाला. "सत्तावीसवरून एकोणीसवर आलीय. थोडंच राहिलंय."

तिथेच विशाखाने ठरवलं की खरं ते लिहून द्यायचं. नमुने चुकीचे होते, चूक माझी, हे यंत्र घर ओळखतं, काम ओळखत नाही, असं शपथपत्र. मग फाटकांवरची बंदी कोर्टात टिकणार नव्हती.

पण गोष्ट एवढी सोपी नव्हती. ठेकेदाराने तेवीस जणांच्या नेमणुकांविरुद्ध न्यायाधिकरणात फेरविचाराचा अर्ज केला होता. उपायुक्त रणदिवे यांनी विशाखाला दार लावून घ्यायला सांगितलं.

"गायसमुद्रे मॅडम, तुमचं शपथपत्र त्याच्या वकिलाला आयतं कोलीत आहे. यंत्र चुकीचं ठरलं की पुरावा गेला. पुरावा गेला की तेवीस नोकऱ्या गेल्या. त्यांत तुमचा भाऊही आहे."

"नवीन नमुने घेता येतील, साहेब."

"दीड वर्ष लागेल. न्यायाधिकरण थांबणार आहे का? गप्प राहा. तुमच्याच लोकांच्या भल्याचं सांगतोय."

ते खोटं बोलत नव्हते, हीच पंचाईत होती. विशाखा आठवडाभर धड जेवली नाही. शेवटी तिने तेच केलं जे तिला येत होतं. समाजमंदिरात बैठक बोलावली आणि आपली चूक फॉर्मसकट सगळ्यांसमोर ठेवली.

मग यंत्रचालक झालेला शिवदास उठला. "ताई, तू आम्हाला वर काढलंस आणि आता तूच दोर सोडतीस? माझी बायको कामाला नाही गेली तर नाही गेली. माझा पगार येतो."

"आणि तुझी पोरगी?" सोजरबाईने विचारलं. "तिला कुठल्या दारात उभं करशील? तिचं लग्न झालं, नवरा तिला शिवला, की त्याचाबी आकडा चढंल. मग?"

शिवदास खाली बसला. हात वर करायला सांगितले तेव्हा तेवीसपैकी चौदा वर झाले. सुगतचा पहिला होता. शिवदासने शेवटपर्यंत वर केला नाही, आणि विशाखाला त्यालाही दोष देता आला नाही.

बाहेर पडताना सुगत तिच्याशेजारून, पण दोन हात अंतर ठेवून चालत होता. "दादा, तुला परत खाली जावं लागलं तर?" तिने विचारलं.

"मला माहितीय खाली काय आहे," तो म्हणाला. "तिला कशाला माहीत असायला पाहिजे?"

शपथपत्र जुलैत दाखल झालं. उत्पलाचा आकडा एकतीस जुलैला चौदा आला आणि ती वसतिगृहात राहायला गेली. विशाखाची बदली जन्म-मृत्यू नोंदणीत झाली. सामाजिक समता कक्षातलं तिचं टेबल दुसऱ्या विभागाने उचलून नेलं.

निकाल दिवाळीआधी लागला. विशाखाचं शपथपत्र ग्राह्य धरून न्यायाधिकरणाने तेवीस नेमणुका रद्द केल्या. फाटकांवरच्या बंदीविरुद्ध वस्तीने घातलेल्या खटल्यात कंपनीचा वकील चार मिनिटं बोलला. जुने तीनशे बारा नमुने सदोष होते हे कंपनीला पूर्ण मान्य आहे, तो म्हणाला. म्हणूनच कंपनीने ते केव्हाच काढून टाकले. आता यंत्र फाटकांवर दाखवलेल्या चार लाख हातांवरून शिकलं आहे. कोणत्या हाताला आत घेतलं आणि कोणत्या हाताला परत पाठवलं, याची नोंद फाटकांनीच ठेवलेली होती. त्या नोंदीवर विशाखाची सही नव्हती, कुणाचीच नव्हती, त्यामुळे चूक कुणाची म्हणून विचारायची सोय राहिली नाही. बंदी कायम राहिली.

नोव्हेंबरात सुगत ठेकेदाराकडे परत गेला. दुसरं कुठलंही काम फाटकाच्या आतलं होतं. ही बातमी उत्पलाला कुणीतरी सांगितली आणि पुढच्याच रविवारी ती न कळवता कॅम्पात आली, पांढऱ्या गणवेशात, दुपारच्या उन्हात. विशाखा त्या वेळी भावाकडेच होती. चाळीच्या टोकाला पोरगी दिसताच सुगत उठला, आत गेला आणि त्याने कडी लावली.

"पप्पा, दार उघडा," उत्पलाने दार वाजवलं.

"परत जा," आतून आवाज आला. "उद्या सोमवार आहे."

"मला नाही करायचं नर्सिंग. मी सोडून देते. उघडा तुम्ही."

"सोडलंस तर मी पुन्हा तुझ्याशी बोलणार नाही. दारातूनसुद्धा नाही."

"मी लांब बसते, हात लावत नाही. नुसतं बघू द्या."

"तू लांब बसणार नाहीस," सुगत म्हणाला. "मला ठाऊक आहे. आणि मीपण नाही बसणार."

उत्पला उंबऱ्याबाहेर बसली, पाठ दाराला टेकून. विशाखाला तिच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला. पण सकाळीच तिने भावाच्या दुखऱ्या खांद्याला मलम चोळलं होतं. तिने हात मांडीवरच ठेवले. आजूबाजूच्या बाया लांबूनच बघत राहिल्या. कुणी पोरीला चहा दिला नाही. मायेपोटीच दिला नाही.

तासाभराने उत्पला उठली. वसतिगृहात सहाच्या आत पोचायचं होतं. तिने पिशवीतून तेलाची बाटली काढली, क्षणभर हातात धरली आणि परत पिशवीत ठेवली. "आत्या, पप्पांना सांग, मी जाते," एवढंच म्हणाली. दारापलीकडून तो ऐकत होता, हे तिला माहीत होतं, तरी निरोप तिने विशाखाकडेच दिला.

ती चाळीच्या वळणाआड गेल्यावर बऱ्याच वेळाने कडी निघाली. सुगत दारात आला. त्याने रिकाम्या वाटेकडे पाहिलं, मग ती जिथे बसली होती त्या फरशीकडे पाहिलं.

"फटीतून बघणार होतो," तो म्हणाला. "पण बघितलं असतं तर उघडलं असतं." मग त्याने विचारलं, "बारीक झालीय का गं ती?"

"नाही दादा," विशाखा म्हणाली. "चांगली आहे."

"खोटं बोलू नकोस. तुझं तेच काम होतं ना, इकडचं तिकडं खरं खरं सांगायचं?"

विशाखाने त्याच्याकडे पाहिलं. "झालीय," ती म्हणाली. "खूप बारीक झालीय."